घरसभेत पहिल्यांदा उपासना चालवताना: केंद्रस्थानी देवच राहावा म्हणून

रविवारची उपासना संपल्यावर पाळकसाहेब (चर्चचे पास्टर) बाजूला बोलावतात आणि म्हणतात, "पुढच्या शुक्रवारपासून तुमच्या गल्लीतली घरसभा तुम्हीच चालवा." छातीत धडधडायला लागतं. नगरला असताना, अकरा वर्षांपूर्वी, मलाही असंच सांगितलं गेलं. मी जोरजोरात म्हणायची पाच गाणी निवडली, शेजारच्या मुलाला ढोलकी घेऊन यायला सांगितलं आणि कामाला लागले.

तेव्हा आमच्या घरात ह्यांची नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. मला ब्रेकथ्रू हवा होता, म्हणजे अडलेली वाट देवानं एकदम मोकळी करावी असं वाटत होतं. स्तुती जितकी मोठी, तितकं दार लवकर उघडेल, असं माझ्या मनानं धरलं होतं. दीड वर्ष मी दर शुक्रवारी मनापासून गायले, आणि दीड वर्ष माझ्या उपासनेच्या मध्यभागी नोकरी बसलेली होती. देवाला मी तिच्या शेजारी, देणाऱ्याच्या जागी बसवलं होतं. हे कळायला इतका काळ जायला नको होता. तुम्ही नव्यानं सुरुवात करत असाल तर मी जिथे अडखळले तिथे तुम्ही अडखळू नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू

- पवित्र शास्त्र. सगळ्यांकडे एकच भाषांतर असलेलं बरं. सुबोध बायबल, जुनं शास्त्र आणि मोबाइलवरचं आणखी तिसरंच, अशी सरमिसळ झाली तर एकत्र वाचन जमत नाही. त्या दिवसाचा उतारा कागदावर लिहून त्याच्या झेरॉक्स काढा.
- "उपासना संगीत" या गीतपुस्तकाच्या तीन-चार प्रती. वयस्कर मंडळी स्वतःची घेऊन येतात, तरुण घेऊन येत नाहीत.
- एक वही आणि पेन्सिल. वही प्रार्थना-विनंत्यांसाठी, पेन्सिल कशासाठी ते पुढे सांगते.
- पेटी असेल तर उत्तम. नसेल तर टाळ पुरतात. तेही नसतील तर नुसता गळा चालतो.
- भिंतीवरचं घड्याळ, तुमच्या समोर येईल असं.
- चटया, प्यायचं पाणी, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या.

१. ही सभा कुणासाठी आहे, ते ठरवा

योहानाचा चौथा अध्याय बसून वाचा. शोमरोनी स्त्री येशूला उपासनेच्या जागेबद्दल विचारते: या डोंगरावर की यरुशलेमात? प्रभू तिला जागा सांगत नाही. पिता आत्म्यानं आणि खरेपणानं उपासना करणाऱ्यांना शोधतो आहे, असं सांगतो. मी या ओळीवर पुष्कळ दिवस थांबले. शोधणारा तो आहे. आपण गाऊन त्याला बोलावून आणत नाही, त्यानंच आपल्याला बोलावलं आहे. सभा उघडताना "प्रभू, तू इथे ये" अशी विनवणी वारंवार करण्यापेक्षा "प्रभू, तू बोलावलंस म्हणून आम्ही आलो" असं म्हणून पाहा. खोलीतल्या लोकांचं बसणंही बदलतं.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहा: माझी मोठी विनंती कधीच मान्य झाली नाही, तरीही मी दर शुक्रवारी ही चटई अंथरीन का? उत्तर "माहीत नाही" असलं तरी चालेल. खोटं उत्तर मात्र लिहू नका.

२. वचन सोमवारी निवडा, गाणी गुरुवारी

नवीन माणूस नेमका उलटा जातो. आधी आवडती गाणी ठरतात, मग त्यांना जुळणारं एखादं वचन शोधलं जातं. सोमवारी एक उतारा घ्या, दहा-पंधरा ओव्यांपेक्षा (शास्त्रातल्या क्रमांक घातलेल्या वाक्यांपेक्षा) मोठा नको. तो रोज वाचा आणि एवढंच विचारा: यात देव कसा दिसतो? "यातून मला काय मिळेल" हा प्रश्न बुधवारपर्यंत लांबवा. तो चुकीचा नाही, पण पहिला आला की बाकी काही ऐकू येत नाही.

सुरुवातीला सोपं जावं म्हणून चार अध्याय सुचवते, त्यांतला एकेक भाग घ्या: यशया ६, स्तोत्र १३६, स्तोत्र ७३ आणि प्रेषितांची कृत्ये १६. मी पहिले चार महिने याच चारांवर फिरत होते आणि कुणाला कंटाळा आला नाही.

३. गाण्यांना पेन्सिल लावा

निवडलेल्या प्रत्येक गाण्याचे शब्द कागदावर उतरवा. "मी, मला, माझं" आलं की खाली रेघ मारा. देवाचं नाव, त्याचं कृत्य, त्याचा स्वभाव आला की त्याला गोल करा. माझ्या पहिल्या पाच गाण्यांत रेघाच रेघा होत्या, गोल मोजून चार.

"मी" म्हणणं पाप नाही. स्तोत्रं "मी"नं भरलेली आहेत. स्तोत्र १३ मध्ये दावीद "किती वेळ" असं चार वेळा विचारतो, आणि ते सगळं स्वतःच्या दुःखाबद्दल आहे. पण तो ते देवाच्या तोंडावर विचारतो, आणि सहाच ओव्यांत गाण्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे "मी"ची गाणी काढून टाकू नका. निवडलेल्यांपैकी निदान दोन अशी ठेवा की ज्यांत आपला उल्लेखही नसेल, फक्त तो कोण आहे एवढंच असेल.

इथे आपण मराठी ख्रिस्ती लोक फार श्रीमंत आहोत आणि ते विसरतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. म्हणजे आपल्या भाषेत प्रभूची कथा गायला लागून चारशे वर्षं उलटली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, भजन, कीर्तन ही आपली साधनं ख्रिस्ताच्या पायाशी आणली. "उपासना संगीत" उघडलंत तर पानोपानी त्यांचं नाव दिसेल. यातली कित्येक गीतं आपल्या आज्यांना तोंडपाठ असतात. एखाद्या आजींना विचारा, "आजी, तुमचं आवडतं कोणतं?" आणि त्यांनाच सुरू करू द्या. आमच्याकडच्या एका आजींना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण सातही कडवी त्या न अडखळता म्हणत, आणि सगळी खोली त्यांच्या मागून जात असे. नवी गाणीही घ्या, मुलांना ती हवी असतात. फक्त त्यांनाही पेन्सिल लावा.

एक व्यवहाराची गोष्ट: पट्टी खाली ठेवा. तरुण मुलगा काळी पाचात सुरू करतो आणि दुसऱ्या कडव्याला निम्मी खोली गप्प होते. लोक गात नसतील तर भक्ती कमी आहे असं समजण्याआधी सूर उंच लागलाय का ते पाहा.

४. क्रम यशयाकडून घ्या

यशयाच्या सहाव्या अध्यायात क्रम आयता मिळतो. आधी तो प्रभूला उंच सिंहासनावर पाहतो आणि सराफीमांची, म्हणजे तिथल्या पंख असलेल्या स्वर्गीय सेवकांची, "पवित्र, पवित्र, पवित्र" ही हाक ऐकतो. ते पाहिल्यावर स्वतःचे ओठ अशुद्ध आहेत हे त्याला कळतं. मग वेदीवरचा निखारा ओठांना लागतो. त्यानंतर "मी कोणाला पाठवू?" हा आवाज, आणि "हा मी आहे, मला पाठव."

स्तुती, पापांची कबुली, क्षमेचं वचन, वाचन व मनन, विनंत्या, पाठवणी. एवढंच. कबुली आणि क्षमा गाळू नका. बहुतेक घरसभांमध्ये स्तुतीवरून थेट विनंत्यांवर उडी मारली जाते, आणि मग ती खोली दवाखान्याच्या रांगेसारखी होते: प्रत्येक जण आपला नंबर कधी येतो ते बघत बसतो.

५. ब्रेकथ्रू मागताना

हा शब्द आपल्या मंडळ्यांत फार चालतो, म्हणून तो शास्त्रात कुठे आहे ते एकदा पाहाच.

२ शमुवेलाच्या पाचव्या अध्यायात दावीद पलिष्ट्यांवर जय मिळवतो आणि म्हणतो की पाण्याचा लोंढा बांध फोडून निघावा तसा परमेश्वर माझ्या शत्रूंवर तुटून पडला. त्या जागेला तो बाल-परासीम हे नाव देतो. नावातच फोडणं आहे, आणि फोडणारा परमेश्वर आहे. दावीद त्याआधी विचारतो, "जाऊ का?" पलिष्टी पुन्हा आले तेव्हा तो पुन्हा विचारतो, आणि या वेळी उत्तर वेगळं येतं: समोरून जाऊ नको, वळसा घाल, झाडांच्या शेंड्यांवर पावलांचा आवाज येईपर्यंत थांब. मागच्या वेळी ज्या पद्धतीनं बांध फुटला, तीच दावीद परत वापरत नाही. आपण मात्र म्हणतो, "त्या ताईंनी एकवीस दिवस उपवास केला आणि व्हिसा आला, आपणही एकवीस धरू."

आता पुढचाच अध्याय वाचा. कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) नव्या गाडीवर ठेवून वाजतगाजत चालला आहे. वाद्यं आहेत, उत्साह आहे, दावीद स्वतः त्यात सामील आहे. उज्जा कोशाला हात लावतो आणि तिथेच मरतो. त्या जागेचं नाव पेरेस-उज्जा. परासीम आणि पेरेस हे मूळ इब्रीत एकाच धातूचे शब्द आहेत. इथेही परमेश्वर फोडूनच निघाला, पण आपल्याला हव्या त्या दिशेनं नव्हे. नंतर १ इतिहास १५ मध्ये दावीद कबूल करतो की आम्ही विधीप्रमाणे त्याला शोधलं नाही. कोश खांद्यावर वाहायचा होता. हा भाग पहिल्यांदा समजला तेव्हा मी दोन शुक्रवार ढोलकी आणू दिली नाही. ढोलकीत वाईट काहीच नव्हतं. मला भीती वाटली होती, आणि ती भीती मला हवी होती.

यहूदाचा राजा यहोशाफाट याची गोष्ट तर सगळे सांगतात: गाणारे सैन्यापुढे गेले आणि शत्रू आपसांत लढून मेले. २ इतिहास २० नीट वाचा. गाणारे निघतात एकविसाव्या ओवीत. त्याआधी सगळा यहूदा बायका-लेकरांसह परमेश्वरापुढे उभा आहे, "काय करावं आम्हांला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत" अशी राजाची प्रार्थना झाली आहे, एका लेव्याच्या (मंदिराच्या सेवेतल्या वंशातल्या माणसाच्या) तोंडून देवाचं वचन आलं आहे आणि त्यावर सगळे पालथे पडले आहेत. मग गाणं. देव आधी बोलला होता, त्या बोलण्यावर विश्वास ठेवून ते गात निघाले.

आणि प्रेषितांची कृत्ये १६ मधलं फिलिप्पै शहर. मध्यरात्री, पाय खोड्यात अडकवलेले असताना पौल आणि सीला स्तोत्रं गातात, भूकंप होतो, दारं उघडतात, बेड्या गळून पडतात. साक्ष देताना आपण इथेच थांबतो. पण ते दोघं बाहेर पळत नाहीत! तुरुंगाधिकारी स्वतःचा जीव घ्यायला निघतो तेव्हा पौल ओरडतो, "आम्ही सगळे इथेच आहोत." दार उघडलं होतं ते त्या तुरुंगाधिकाऱ्यासाठी. त्याच रात्री त्याच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला. मला वाटत होतं की दार उघडलं की आपण बाहेर पडायचं. हे वाचल्यावर माझी प्रार्थनाच बदलली.

म्हणून सभेत विनंत्या घेताना असं करा. प्रत्येकाला एका वाक्यात विनंती सांगू द्या. वहीत तारीख घालून लिहा, पण त्या माणसाला विचारून. मग त्या आठवड्याच्या वचनात देव जसा दिसला त्याचा आधार घेऊन मागा. मोकळेपणानं मागा, नोकरी मागा, लेकरू मागा, आजारातून उठवायला सांगा. प्रभूनं रोजची भाकर मागायला शिकवलं आहे. पण त्याच प्रार्थनेत भाकरीच्या आधी त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा येते. तो क्रम मोडू नका.

६. दोन मिनिटं गप्प बसा

कबुलीच्या वेळी पेटी बंद, गुणगुणणं बंद. घड्याळाकडे पाहून पूर्ण दोन मिनिटं. नव्या माणसाला ही दोन मिनिटं पेलवत नाहीत, तो तीस सेकंदांत "हालेलूया" म्हणून मोकळा होतो. तसं करू नका.

माझ्या बाबतीत जे झालं ते याच दोन मिनिटांत. दीड वर्षानंतरचा एक शुक्रवार. मी डोळे मिटून नोकरीबद्दल काही बोलू पाहत होते आणि समोर आल्या त्या थोरल्या जाऊबाई. घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं तुटून नऊ वर्षं झाली होती. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं मला पाठ होतं, वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर. मी ते मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवलंही होतं. त्या रात्री सभा संपवून मी फोन लावला. "ताई, मी बोलतेय" एवढंच म्हणता आलं, पुढे दोघी रडत होतो. आमच्या घरातला पहिला बांध तिथे फुटला. ह्यांना पूर्वीसारखी नोकरी पुढेही मिळाली नाही. दोन वर्षांनी त्यांनी छोटं दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यावर आमचं चालतं.

केडगावच्या मुक्ती मिशनमधली आत्मिक जागृती याच वाटेनं आली. १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोजची खास प्रार्थना सुरू करवली, आणि जूनच्या शेवटी जे घडलं त्यात मुली आपल्या पापांसाठी रडत होत्या, कबुली देत होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. त्यांच्याकडे मागण्यासारखं खूप काही होतं. पाच महिने रोज गुडघ्यांवर, आणि मग कबुली. आपल्याला पहिल्याच शुक्रवारी काहीतरी व्हायला हवं असतं.

७. काहीच उघडलं नाही तर

असे शुक्रवार येतील, कदाचित ओळीनं वीस येतील. तेव्हा लोकांवर आनंदाची सक्ती करू नका. ज्या बाईचं लेकरू गेलं आहे तिला "टाळ्या वाजवा, स्तुती करा" म्हणणं क्रूरपणा आहे. तिच्यासाठी स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, त्याला गोड शेवट नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे, मंदिरात गाण्यासाठी आहे. ते वाचलं तेव्हा आमच्यातली एक बहीण म्हणाली, "म्हणजे असं म्हणायला चालतं?" चालतं.

स्तोत्र ७३ मध्ये स्तोत्रकर्ता आसाफ दुष्टांची भरभराट बघून जळत असतो. सतराव्या ओवीत तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि तिथून त्याची नजर बदलते. बाहेर काही बदललेलं नाही, दुष्ट अजून श्रीमंतच आहेत. हबक्कूक संदेष्टाही अंजिराला फूल नाही, वाड्यात गुरं नाहीत असं मोजत मोजतच "तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन" इथे येतो. मी याला ब्रेकथ्रू म्हणते, आणि कमी दर्जाचा म्हणत नाही.

८. ज्या खड्ड्यांत नवे लोक पडतात

*औषध बंद करायला लावणं.* प्रार्थना झाली म्हणून इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी थांबवायला कुणालाही सांगू नका, कुणी सांगत असेल तर तिथल्या तिथे अडवा. उपवास ठेवताना मधुमेही, गरोदर आणि स्तनदा बहिणींना स्पष्ट सांगा की त्यांनी जेवून प्रार्थना करावी.

*पैशांशी जोडलेला आशीर्वाद.* "इतकं पेरा, इतकं कापाल" अशी भाषा पाहुण्या वक्त्यानं सुरू केली तर पुढच्या वेळी त्याला बोलावू नका. दान हे आभार आहेत.

*"प्रभूनं मला तुझ्याबद्दल दाखवलं."* लग्न, नोकरी, घर, आजार यांबद्दल चारचौघांत असं कुणी सांगू लागलं तर थांबवा आणि पाळकसाहेबांकडे पाठवा. अशा एका वाक्यानं एक ठरलेलं लग्न मोडलेलं मी पाहिलं आहे.

*"तुझा विश्वास कमी पडला."* हे वाक्य तुमच्या घरात उच्चारलं जाऊ देऊ नका.

*आवाज.* चाळीत किंवा सोसायटीत माइकची गरज नसते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर कायद्यानं बंदी आहेच, पण त्याआधीही भिंतीपलीकडे कुणाचं बाळ झोपलेलं असतं, कुणाची परीक्षा असते. सभेच्या आधी शेजारच्यांना जाऊन सांगून या.

*गुपितं बाहेर जाणं.* विनंत्यांची वही कपाटात ठेवा. तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

९. पहिल्या शुक्रवारचा आराखडा

सव्वा तास धरा, साडेसात ते पावणेनऊ.

- ७.३० स्वागत आणि स्तोत्र १३६. तुम्ही ओवी वाचा, बाकीच्यांनी दर वेळी तेच पालुपद म्हणायचं. ते सव्वीस वेळा येतं. मुलांना फार आवडतं आणि वाचता न येणारेही पूर्ण सामील होतात.
- ७.४० तीन गीतं, त्यातलं एक आजींचं.
- ७.५५ कबुली, दोन मिनिटं शांतता, क्षमेचं वचन म्हणून १ योहान १:९.
- ८.०० वाचन, आणि जास्तीत जास्त पंधरा मिनिटं मनन. तुम्हाला प्रवचन येत नसेल तर "यात देव कसा दिसला?" एवढं विचारून प्रत्येकाला एक वाक्य बोलू द्या.
- ८.१५ विनंत्या आणि प्रार्थना.
- ८.३५ शेवटचं गीत, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद.

पावणेनऊला थांबा, अगदी वातावरण भरून आलं असलं तरी. कुणाला घरी जाऊन भाकरी टाकायची असते, कुणाची शेवटची बस असते. ज्यांना आणखी थांबायचं आहे त्यांच्यासाठी चहा ठेवा, आणि त्या वेळी कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाशेजारी जाऊन बसा.